पावसांत सांपडलेली सुटी



माणूस चार दिवसांची सुटी ठरवितो तेव्हां तो किती गोष्टींची तजवीज आधींच करून ठेवतो! रजेचा अर्ज, गाडीची सोय, राहण्याची जागा, शेजाऱ्याकडे द्यावयाची किल्ली, कुंड्यांना पाणी कोणी घालावयाचें, हें सारें महिनाभर आधीं ठरलेलें असतें. एका गोष्टीची तजवीज मात्र त्याच्या हातीं नसते, आणि ती म्हणजे हवा. समुद्रकांठच्या सुटीचें तर सगळें भांडवल हवेच्याच पेढीवर ठेवलेलें असतें. ती पेढी बुडाली म्हणजे नेमकें काय बुडतें आणि काय हातीं राहूं शकतें, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. कारण या हिशेबांत पुष्कळदां पावसाच्या नांवावर भलतींच कर्जें लिहिलीं जातात.

उदाहरणादाखल २०१९ सालची दिवाळी घ्यावी. त्या वर्षीं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला, रविवारीं होतें. पाऊस सरला, भात पिकलें, आकाश निवळलें, असा हा काळ. कोंकणांत समुद्रकांठीं जाण्याचा हंगाम येथूनच सुरू होतो. पुण्यामुंबईकडचीं कुटुंबें किनाऱ्याच्या वाटेला लागलीं. त्यांत पुण्याचें एक जोडपें होतें, अशी कल्पना करावी. लग्नाला चार वर्षें झालेलीं, दोघेंही नोकरी करणारीं, सकाळीं निघून रात्रीं घरीं परतणारीं. दिवाळीचे पांच दिवस मालवणजवळच्या तारकर्लीस घालवावे, ही कल्पना पत्नीची. सण घराबाहेर करूं नये, हें पतीच्या मातोश्रींचें मत. पतीनें पत्नीची बाजू घेतली खरी. पण आईची नाराजी त्यानें सामानाबरोबर बांधून घेतली होती. फोंडाघाट उतरून २४ तारखेच्या दुपारीं तीं दोघें तारकर्लीस पोंचलीं, तेव्हां समुद्र शिशासारखा करडा दिसत होता आणि माडांच्या झावळ्या एकाच दिशेला ओढल्या जात होत्या. रात्रीं पावसानें धरलें.

हा पाऊस अवेळीं आला असें सगळेच म्हणाले. पण तो अकारण आलेला नव्हता. २०१९ हें वर्ष अरबी समुद्राच्या इतिहासांत निराळेंच होतें. वायव्य भारतांतून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची माघार त्या वर्षीं ९ ऑक्टोबरला सुरू झाली. इतकी उशिरा ती त्यापूर्वीं नोंदलेली नव्हती. आधींची सर्वांत उशिराची नोंद १९६१ सालच्या १ ऑक्टोबरची होती. हिंदी महासागराचा पश्चिमेकडील भाग त्या शरदांत नेहमींपेक्षां पुष्कळ उबदार झाला होता, आणि पूर्वेकडील भाग थंड. समुद्राच्या पृष्ठभागाचें तपमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर गेलें म्हणजे चक्रीवादळाला लागणारी उष्णता आणि बाष्प त्याला तेथें मिळूं शकतें. अरबी समुद्रांत वर्षाकांठीं सरासरीनें एखादेंच चक्रीवादळ होतें. त्या एका वर्षांत तीं पांच झालीं. १९०२ सालानंतर असें प्रथमच घडलें.

त्या पांचांपैकीं एक ऐन दिवाळींत जन्मास आलें. २४ ऑक्टोबरच्या सुमारास कोंकणासमोरच्या समुद्रांत कमी दाबाचें क्षेत्र बळावलें. रत्नागिरीच्या पश्चिमेस सुमारें २०० किलोमीटरांवर तें घोंटाळत राहिलें आणि २५ तारखेस त्याचें चक्रीवादळ झालें. ब्रह्मदेशानें सुचविलेलें ‘क्यार’ हें नांव त्याला मिळालें. त्या देशाच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ वाघ. पुढें तें पश्चिमेकडे वळलें आणि २७ तारखेस महाचक्रीवादळाच्या पदवीला पोंचलें. भरांत असतां त्यांतील वाऱ्याचा वेग ताशीं २४० किलोमीटरांपर्यंत गेला होता. २००७ सालच्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रांत असें वादळ झालें नव्हतें. सुदैव असें कीं, वाघ लहान होता तेव्हां किनाऱ्याजवळ होता, आणि पुरा वाढला तेव्हां दूर गेला होता. तो कोठेंही किनाऱ्यावर न चढतां समुद्रांतच विरला. कोंकणाला लागला तो केवळ त्याच्या शेपटीचा फटकारा. पण तेवढा फटकाराही चार दिवसांची सुटी धुवून न्यायला पुरेसा होता.

२५ तारखेची सकाळ उजाडली ती पागोळ्यांच्या आवाजांत. मच्छीमारांना समुद्रांत न जाण्याची सूचना मिळालेली होती. देवगडच्या आडोशाच्या बंदरांत परगांवच्या नौकांनीं दाटी केली होती. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर ज्याची उभारणी सुरू केली, तो सिंधुदुर्ग मालवणच्या धक्क्यावरून धुकटांत कसाबसा दिसत होता. पण तिकडे जाणाऱ्या होड्या बंद होत्या. कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते तो संगम पाहावयाचा होता, पाण्याखालीं उतरून मासे पाहावयाचे होते, वाळूवर बसून सूर्यास्त पाहावयाचा होता. यांतलें कांहींच होण्यासारखें नव्हतें. दुपारीं वीज गेली. खोलींत दोन खुर्च्या, एक पलंग आणि एक खिडकी. खिडकींतून दिसणारा समुद्र आणि आकाश यांमधली रेघ पुसली गेलेली.

पहिला अर्धा दिवस हंसण्यांत गेला. दुसरा अर्धा दिवस मोबाइलवर हवेचा अंदाज पाहण्यांत गेला. संध्याकाळीं मातोश्रींचा फोन आला. “पाऊस आहे ना तिकडे? मीं म्हटलेंच होतें.” एवढेंच त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर पतीनें पत्नीकडे पाहिलें, आणि पत्नीला त्या पाहण्यांत जें ऐकूं आलें तें तो बोललाच नव्हता. “म्हणजे पाऊसही मींच आणला?” असें ती म्हणाली. त्यानंतर जें भांडण झालें त्यांत पावसाचें नांवही निघालें नाहीं. चार वर्षांत कोणी कोणासाठीं काय सोडलें, कोणाच्या माहेरीं किती दिवस गेले, कोणाच्या नोकरीसाठीं कोणीं घर बदललें, हीं सारीं जुनीं खातीं त्या ओल्या खोलींत उघडलीं गेलीं.

येथें थोडें थांबून पाहिलें पाहिजे. हवेला दोष देतां येतो, पण हवा भांडायला समोर उभी राहत नाहीं. तिच्यावरचा राग कोठेंतरी ठेवावा लागतो, आणि तो सर्वांत जवळच्या माणसावर ठेवला जातो. शहरांतल्या जोडप्याची गोष्ट तर आणखी निराळी आहे. तीं दोघें एकत्र राहतात म्हणजे पुष्कळदां एकमेकांच्या शेजारून धांवत असतात. काम, प्रवास, बाजार, दुरुस्त्या, आजारपणें, यांत तीं उत्तम भागीदार असतात. पण कांहींही करावयाचें नसतां एका खोलींत एकमेकांसमोर बसण्याची संवय त्यांना राहिलेली नसते. सुटीचा बेत आखतांना हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण बेतांत प्रत्येक तासाला कांहींतरी पाहावयाचें असतें. पाऊस तें सारें काढून घेतो आणि दोघांना समोरासमोर बसवितो. भांडणाचीं कारणें तो पुण्याहून आलेल्या सामानांतूनच बाहेर काढतो. नवें असें तो कांहीं आणीत नाहीं.

आतां पैशाचा हिशेब. २६ तारखेस पतीच्या मनांत आलें कीं, समुद्र दाखविण्याच्या बोलीवर जागा घेतली. समुद्रांत उतरतां येत नाहीं. मग खोलीचें भाडें निम्मे परत मागावें. अशा तंट्याचीं दोन प्रसिद्ध उदाहरणें इंग्रजी कायद्यांत आहेत. १९०२ सालच्या जून महिन्यांत सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक लंडनमध्यें निघावयाची होती. ती पाहण्यासाठीं एका गृहस्थानें पॅल मॅल रस्त्यावरील खोल्या दोन दिवसांकरितां ७५ पौंडांना घेतल्या. राजा आजारी पडला, मिरवणूक पुढें गेली, आणि उरलेल्या भाड्याचा वाद कोर्टांत गेला. मिरवणूक हाच त्या कराराचा पाया होता, तो पायाच नाहींसा झाला, म्हणून उरलेलें भाडें मागतां येत नाहीं, असा निकाल १९०३ सालीं लागला. त्याच राज्याभिषेकानिमित्त राजा आरमाराची पाहणी करणार होता. ती पाहण्यासाठीं आणि आरमाराभोंवतीं फेरी मारण्यासाठीं दुसऱ्या एकानें आगबोट ठरविली होती. पाहणी रद्द झाली; पण आरमार जागच्या जागीं उभें होतें, त्याच्याभोंवतीं फेरी मारतां येत होती. म्हणून या दुसऱ्या गृहस्थाची करारांतून सुटका झाली नाहीं. हिंदुस्थानच्या १८७२ सालच्या कराराच्या कायद्यांतही, जी गोष्ट करणें अशक्य होऊन बसतें तेवढ्यापुरताच करार रद्द होतो. जी गोष्ट केवळ गैरसोयीची होते तिला ती सवलत नाहीं.

तारकर्लीची खोली होती, छप्पर गळत नव्हतें, चुलीवर दोन्ही वेळां जेवण शिजत होतें, आणि समुद्रही जागचा हलला नव्हता. म्हणजे आरमार उभें होतें. फक्त पाहणी रद्द झाली होती. होडीची गोष्ट निराळी. होडी सुटलीच नाहीं, आणि होडीवाल्यानें घेतलेली आगाऊ रक्कम कोणीं न मागतां भिजत येऊन परत दिली. त्याचा हंगामाचा पहिला आठवडा बुडाला होता, तरीही दिली. ज्याचें काम झालें नाहीं त्याचे पैसे परत, आणि जें वापरलें त्याचें भाडें पुरें, ही वांटणी कोर्टाची पायरी न चढतां कळण्यासारखी आहे. पण कळण्यापेक्षां पाहण्याचा परिणाम अधिक होतो, आणि तो त्याच दुपारीं झाला.

भाड्याची गोष्ट काढावी म्हणून पती पडवींत गेला तेव्हां घरमालक व त्यांची पत्नी भिजलेलें भात आंत ओढीत होतीं. कापून शेतांतच आडवें टाकलेलें भात दोन दिवस पाण्यांत होतें. कोंकणांत हळवें भात आधीं पिकतें, गरवें मागाहून. दिवाळीच्या सुमारास निमगरवें आणि गरवें कापणीला येतें, आणि नेमक्या त्याच वेळीं हें आकाश फुटलें होतें. कापलेल्या भाताला पाणी लागलें कीं दाणा काळवंडतो, आणि ओलावा राहिला तर लोंबीवरच त्याला मोड येतात. मग तो ना खाण्याचा, ना बियाण्याचा. त्या ऑक्टोबरच्या पावसानें महाराष्ट्रांत भाताचें, सोयाबीनचें, कापसाचें आणि द्राक्षांचें अतोनात नुकसान झालें. जें शहरी माणसाचे चार दिवस घेऊन गेलें, तेंच या घराचे चार महिने घेऊन जात होतें. आणि तें घर दोन्ही वेळां पाहुण्यांच्या पानांत ऊन ऊन भात वाढीत होतें. ताजी मासळी नव्हती म्हणून सुक्या बांगड्याचें कालवण आणि कुळथाची पिठी होती, एवढाच काय तो फरक.

पतीनें भाड्याचें नांव काढलें नाहीं. पाहुण्यांसाठीं म्हणून बांधलेली मोठी खोली कोरडी होती. तेथें चटया घालून भात पसरावें, असें पत्नीनें सुचविलें. “तुमकां तरास कित्याक, बाय?” असें म्हणत काकूंनीं आढेवेढे घेतले, पण भात थांबणारें नव्हतें. त्या संध्याकाळीं कंदिलाच्या उजेडांत चौघांनीं मिळून पेंढ्या सोडल्या, ओल्या लोंब्या वेगळ्या केल्या, हातानें उलटसुलट केल्या. कामांत बोलणें थोडें होतें. पण काम करतांना जें बोललें जातें त्याला धार नसते. आदल्या रात्रींचें भांडण मिटलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यांतली कांहीं खातीं खरींच होतीं, आणि त्यांचा निकाल पुण्यास गेल्यावर शांतपणें लावावा लागणार होता. मात्र त्याचा भार पावसावर टाकण्याचें कारण उरलें नाहीं. आपण हें भांडण बरोबर घेऊनच आलों होतों, असें पतीच आपण होऊन म्हणाला, आणि पत्नीनें तें नाकारलें नाहीं.

२७ तारखेच्या पहांटे पावसाचा जोर ओसरला. नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान झालें. तुळशीपुढें कारीट डाव्या पायाच्या अंगठ्यानें फोडण्याची तिकडची रीत दोघांनींही पाळली, आणि तोंड कडू झाल्यावर निरनिराळ्या तऱ्हेच्या पोह्यांनीं तें गोड केलें. दुपारीं ऊन पडलें. आतां मात्र समुद्रांत उतरावयाचेंच, असें पतीनें ठरविलें.

सुटीतला खरा धोका याच क्षणीं असतो. आकाश निवळलें म्हणजे समुद्रही निवळला, असें शहरी माणूस समजतो. पण समुद्राची स्मरणशक्ति आकाशापेक्षां मोठी असते. दूर गेलेल्या वादळानें उठविलेल्या लाटा वारा पडल्यावरही चालत राहतात. बारा बारा सेकंदांच्या अंतरानें येणाऱ्या लाटांचा समूह खोल समुद्रांतून ताशीं सुमारें ३४ किलोमीटर वेगानें जातो. म्हणजे ५०० किलोमीटरांवरच्या वादळाच्या लाटा किनाऱ्याला पोंचायला जवळजवळ १५ तास लागतात. तोंवर तेथें निरभ्र ऊनही पडलेलें असूं शकतें. शिवाय लाटांनीं किनाऱ्यावर आणून टाकलेलें पाणी परत जाण्यासाठीं वाळूंतली सखल वाट शोधतें आणि त्या अरुंद पट्ट्यांतून जोरानें आंत ओढलें जातें. अपायकारक गोष्ट अशी कीं, ज्या पट्ट्यांत ही ओढ असते तेथें लाटा कमी फुटतात. पोहण्यास सोयीचें आणि शांत म्हणून अनोळखी माणूस नेमकी तीच जागा निवडतो. अशा ओढींत सांपडलेल्यानें तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झगडूं नये. शक्ति तेथेंच संपते. अंग तरंगतें ठेवून किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावें, आणि ओढ सुटल्यावर मग किनाऱ्याकडे वळावें. पण त्याहून शहाणपणाचें म्हणजे त्या दिवशीं पाण्यांत न उतरणें.

रापण ओढणारा एक म्हातारा वाळूवर जाळें उसवीत बसला होता. तो एवढेंच म्हणाला, “पावण्यांनू, आज दर्यात जाव नकात. ह्यां पाणी ओढता.” पतीला तो अपमान वाटला. तीन दिवस वाट पाहिली, पैसे भरले, आतां ऊन पडलें आहे, आणि हा नाहीं म्हणतो! बुडालेलें वसूल करण्याची ही घाई फार वाईट. पत्ते खेळणारा हरलेले पैसे परत मिळविण्यासाठीं जशी शेवटची मोठी बाजी लावतो, तसा सुटीवर आलेला माणूस शेवटच्या दिवशीं आपला जीव लावतो. पत्नीनें त्याचा हात धरला नाहीं कीं रडारड केली नाहीं. ती म्हाताऱ्याशेजारीं वाळूवर बसली आणि पाण्यांतली ती शांत दिसणारी वाट कोठें आहे हें तिनें त्याला विचारलें. त्यानें बोटानें दाखविलें. वाहत आलेली एक झावळी त्या वाटेला लागली आणि पाहतां पाहतां लाटांपलीकडे गेली. पतीनें ती जातांना पाहिली, आणि तोही वाळूवर बसला.

सुटीचा जमाखर्च असा झाला. बुडालें काय? किल्ला, संगम, पाण्याखालचे मासे, तीन सूर्यास्त. राहिलें काय? जें राहिलें त्याला सुख हें नांव देण्याची गरज नाहीं. पण दोघांना एकमेकांविषयीं जें माहीत नव्हतें, किंवा माहीत असूनही बोलावयाचें टळत होतें, तें माहीत झालें. चार उन्हाचे दिवस मिळाले असते तर तें कदाचित् आणखी चार वर्षें टळलें असतें.

बेत आखणाऱ्यांनीं यांतून थोडें व्यवहाराचें घ्यावें. कोंकणचा किनारा जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाचा, हें सर्वांस ठाऊक असतें. पण मे महिन्याची अखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रांतल्या वादळांचेही दिवस आहेत, हें कमी जणांस ठाऊक असतें. निघण्यापूर्वीं हवामान खात्याचें पत्रक पाहावें आणि किनाऱ्यावर पोंचल्यावर तेथल्या माणसाचें ऐकावें. आगाऊ रक्कम देतांनाच खोलीचें काय आणि होडीचें काय हें वेगवेगळें बोलून घ्यावें. आणि बेताचा एक पाय घरांत ठेवावा. तारकर्लीहून सावंतवाडी दूर नाहीं; तेथें लांकडी खेळणीं होतात, आणि लाखेच्या रंगांनीं रंगविलेले गंजिफाचे वाटोळे पत्ते होतात. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते असतात. पावसाची एक दुपार एवढ्यांना अपुरी पडेल. कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर कलावंतांनीं जपलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला आहे. या गोष्टींना ऊन लागत नाहीं.

इतकें करूनही पाऊस यावयाचा असला म्हणजे येईल. तो आला कीं त्याचा तोटा त्याच्याच नांवावर लिहावा. सोबत्याच्या नांवावर तो लिहूं नये, आणि ज्याच्या ओसरीवर भात भिजतें आहे त्या यजमानाच्या नांवावर तर मुळींच लिहूं नये.